थडग्यातली भातुकली

३ मार्च, सोमवार

आज संग्रहालयाचं पत्र आलं. उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझी एकतीसच्या एकतीस भांडी त्यांना हवी आहेत, कायमची. खालच्या मजल्यावरचं एक अख्खं काचेचं कपाट रिकामं करणार आहेत. एप्रिलच्या मध्यावर त्यांचा माणूस घरी येऊन बघून जाईल.

चौतीस वर्षं मी लोकांचे खोटे दात घडवले. दंतवैद्य तोंडाचा साचा पाठवायचे, मी लॅबमध्ये बसून त्यावरून कवळी करायची. हजारो माणसं माझ्या दातांनी जेवली असतील, पण त्यांतल्या एकालाही माझं नाव माहीत नाही. आता नाव लागणार, तेही काचेवर.

मुलगा म्हणाला, "म्हणजे आई, तुझ्या कपबशा निघाल्या एकदाच्या!" घरात माझ्या संग्रहाला कपबशाच म्हणतात. चीनमधली दोन-दोन हजार वर्षांपूर्वीची भांडी आहेत ती, हे ह्याला शंभरदा सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

सून म्हणाली, "छान झालं आई. बाल्कनी मोकळी होईल." मनातलं बोलली.

९ मार्च, रविवार

कामाला लागले. बंदिस्त बाल्कनी हीच माझी कामाची खोली. माझ्याकडे एकही भांडं धड नाही, सगळी मोडकी. सुरुवातच तशी झाली. आमच्या लॅबच्या खाली जुन्या वस्तूंचं दुकान होतं. एक दिवस दुकानदार कान तुटलेला हिरवा मातीचा कुत्रा घेऊन वर आला. "बाई, तुम्ही दात बसवता, कान बसवाल का?" मी बसवला. सांधा शोधून सापडेना. तो इतका खूश झाला की पुढच्या खेपेला तो कुत्रा आणि वर एक फुटका रांजण मलाच देऊन गेला. तेव्हापासून कुणालाच नको असलेले तुकडे माझ्याकडे यायला लागले आणि मी ते सांधत गेले.

बहुतेक सगळं थडग्यांतून निघालेलं. तिकडे तेव्हा माणूस गेला की त्याच्यासोबत त्याचा सगळा संसार मातीचा करून पुरायचे. चूल, विहीर, धान्याची कणगी, डुकरांचं खुराडं, राखणीला कुत्रा. वरून हिरवीगार झिलई. जमिनीत राहून राहून त्या हिरव्यावर चंदेरी पापुद्रा चढतो, माशाच्या खवल्यासारखा. उन्हात धरलं की डोळे निवतात.

पण आधीच्या लोकांनी केलेल्या दुरुस्त्या म्हणजे डोक्याला हात लावायची वेळ. कुणी सिमेंट भरलंय, कुणी वरून ऑइलपेंट फासलाय. ते सगळं घासून काढून नव्याने सांधायचं. लॅबमधलं दात घासायचं छोटं यंत्र निवृत्त होताना मी मागून घेतलं होतं, तेच चालवते. धूळ उडते. उडू दे. जन्मभर मास्क लावून नाक सोलवटलं, आता आपल्याच घरात कोण विचारतंय.

ठकू दिवसभर माझ्यापाशीच. ठकू म्हणजे माझी नात, वय सव्वातीन, जीभ तीस वर्षांची. तिला मी हिरवी चूल आणि विहीर खेळायला देते. (हे संग्रहालयाला कळता कामा नये.) विहिरीला बोटाएवढा पोहरा आहे. ती त्यात पाणी भरते, पिते, मला पाजते. चुलीवर मासा कोरलेला आहे. "आजी, मासा शिजला. फुंकर घालून खा." खावाच लागतो, नाहीतर दुसऱ्यांदा वाढते. मी घासत असते, ती धुळीत बोटाने घरं काढत असते, आणि मधूनच ते बोट तोंडात.

सून दारात येऊन म्हणाली, "आई, तिला त्या भांड्यांना हात नका लावू देऊ."

"फोडणार नाही ती. तुझ्यापेक्षा हलका हात आहे तिचा."

"फोडण्याचं नाही म्हणत मी. कुठल्या थडग्यातली ती…"

"दोन हजार वर्षांत भुतंसुद्धा कंटाळून निघून गेली असतील गं."

ती वळून आत गेली. माझा विनोद तिला कधी कळलेला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

कणगी झाली. कुत्र्याचा कान पुन्हा बसवला, पहिल्यापेक्षा चांगला.

ठकू जेवत नाही. पोट दुखतं म्हणते, चार दिवसांत शी नाही. सून कामावर जाताना सकाळीच स्वयंपाक करून ठेवते, ते गार अन्न पोरीच्या घशाखाली कसं उतरेल? मी म्हटलं तसं. सुनेनं झाकण जरा जोरात ठेवलं. ती रेडिओ-टीव्हीच्या आतल्या पाट्यांना डाख देण्याच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, कारखान्यात आहे, दिवसभर तारा आणि धूर. तिथनं दमून येते, मग आईपणाला उरतं किती?

२२ मार्च, शनिवार

ठकू आज दोनदा पडली, सपाट जमिनीवर. एरवी पडली तर स्वतःच जमिनीला रागावायची. आज नुसती बसून राहिली. बारापर्यंत आकडे यायचे तिला, आता पाचनंतर थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मुलगा म्हणतो, "आई, मुलं विसरतात, पुन्हा शिकतात." असेल.

माझंही वय बोलायला लागलंय. उजवं मनगट धरल्यासारखं होतं, यंत्र हातातून निसटतं. तोंडाला सारखी नाण्याची चव. डोकं दुखतं आणि कुणी शब्द बोलला तरी अंगावर जावंसं वाटतं. अजून अकरा भांडी बाकी आहेत.

१ एप्रिल, मंगळवार

दवाखान्यात नेऊन आणलं. रक्त कमी आहे म्हणाले, लोहाचं औषध दिलं. कारखान्यात सुनेची शिफ्ट वाढली आहे, घरी यायला सात वाजतात. मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस, दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर ठेवते तिला." सुनेचे डोळे भरून आले. "आई, तुम्ही आहात म्हणून," म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटलं.

बाल्कनीतच गादी टाकली ठकूसाठी.

८ एप्रिल, मंगळवार

दुपारी ठकूला झटका आला. माझ्या पायाशी. डोळे वर गेले, दातखिळी बसली, मी कवळ्या करणारी बाई, मला तिचा जबडा उघडता येईना.

आता इस्पितळाच्या बाकावर लिहितेय. आत जाऊ देत नाहीत.

१० एप्रिल, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना खोलीत बोलावलं. "रक्तात शिसं आहे. खूप आहे. मेंदूला सूज आलीय ती त्यानेच."

मुलगा म्हणाला, "शिसं? शिसपेन्सिलीतलं?"

"नाही हो, धातू. घरात कुठे जुना रंग, बॅटऱ्या, वितळवलेला धातू? कुणाच्या कामावर?"

सुनेनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. हळूहळू. "मी डाख देते. त्यात शिसं असतं."

डॉक्टरीणबाई समजावत होत्या की कपड्यांवरून, बुटांवरून धूळ घरी येते, तुमचा काय दोष. सून ऐकतच नव्हती. मुलगा तिच्याकडे बघत होता. तसं बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मला कुणी विचारलं नाही.

आता खरं लिहिते, इथे कोण वाचणार आहे? शिसं हा शब्द मला नवा नाही. ह्या भांड्यांवरची तीन पुस्तकं आहेत माझ्याकडे, तिन्हींत लिहिलंय, जुनी हिरवी झिलई शिशाची असते. पण झिलई म्हणजे काच. काचेत कोंडलेलं शिसं दोन हजार वर्षं बाहेर आलं नाही, ते आत्ताच कशाला येईल? सुनेकडे तर उघडं शिसं आहे, धुराचं. डॉक्टरच म्हणाल्या.

१२ एप्रिल, शनिवार

आरोग्य खात्याचा तपासनीस आला. हातात पिस्तुलासारखं यंत्र, भिंतीला टेकवलं की आकडा दाखवतं. खिडक्या, नळ, पलंग, सगळं बघितलं. कुठेच काही नाही. सुनेच्या बुटांवर आकडा उठला. बुटांच्या फडताळाजवळच्या फरशीवर तर खूपच. फडताळ माझ्या बाल्कनीच्या दाराला लागून आहे.

"ह्या दारामागं काय?"

"माझी खोली. जुनी भांडी आहेत, कपाटात बंद."

"बघू?"

"किल्ली मुलाकडे आहे," मी म्हटलं. किल्ली माझ्या खिशात होती. हाताला लागत होती.

त्यानं काहीतरी लिहून घेतलं. "पुढच्या वेळी बघू. तसं कारण सापडलंच आहे." आणि बूट पिशवीत घालून घेऊन गेला.

त्यानं खोली बघितली असती तर कुलूप ठोकलं असतं. संग्रहालयाचा माणूस गुरुवारी येतोय. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

सुनेनं नोकरी सोडली. कामाचे कपडे, चादरी, पर्स, सगळं गाठोडं बांधून कचऱ्यात दिलं. मग मोरीत बसून केस कापले. कंबरेपर्यंत केस होते तिचे. मुलानं विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "केसांत बसते धूळ. ठकू माझे केस तोंडात घालून झोपायची."

मुलगा म्हणाला, "आता सुचतंय? तीन वर्षं त्या कारखान्यात होतीस, कधी विचारलं नाहीस काय असतं त्यात?"

"विचारायला हवं होतं."

"हवं होतं!" आणि दार आपटून इस्पितळात गेला.

मी स्वयंपाकघरात होते. सगळं ऐकू येत होतं. बाहेर यायला हवं होतं, पण हातातलं ताट पुसतच राहिले. कोरडं होतं तरी.

१७ एप्रिल, गुरुवार

संग्रहालयाचा माणूस आला. तरुणच आहे, बोलायला मऊ. मुलगा आणि सून इस्पितळात होते, घरात मी एकटी.

त्यानं आधी पिशवीतून हातमोजे काढून चढवले. मग मास्क. मला वाटलं, भांड्यांना बोटांचे डाग पडू नयेत म्हणून. मी म्हटलं, "एवढं कशाला? मी तर रोज उघड्या हातांनी…"

तो थांबला. माझ्या टेबलावरचं यंत्र, कडेला साठलेली राखाडी धूळ, कोपऱ्यातली छोटी गादी, असं एकेक बघत गेला. "बाई, तुम्ही हे इथंच घासता? मास्क न लावता?"

"काच आहे की ती."

"काच होती. जमिनीत ती कुजते. हा चंदेरी पापुद्रा दिसतोय ना, यात नुसतं शिसं उरतं. नखाने खरवडला तरी सुटतं, यंत्राने तर…" त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "आमच्याकडे हिरव्याला हात लागला तरी साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा पीत नाही."

मग त्यानं चूल उचलली. उजेडाकडे धरली, कौतुकानं. "काय सुंदर आहे हो!" आणि चुलीच्या तोंडात वाकून बघितलं. "यात हे काय?"

बोट घालून त्यानं बाहेर काढलं. चावलेलं बिस्किट. ओलं करून चुलीच्या तळाला थापलेलं, अर्धं खाल्लेलं, बारीक दातांच्या खुणा स्पष्ट दिसणारं.

दात मला ओळखायला शिकवावे लागत नाहीत.

"मुंग्यांसाठी टाकलं होतं," मी म्हटलं.

एकतीसही भांडी पसंत आहेत म्हणाला. सोमवारी अठ्ठावीसला गाडी पाठवतो. सांध्यांचं काम आमच्याकडेही कुणी इतकं चांगलं करत नाही, असंही म्हणाला. जाताना दारात वळून विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

"पाहुणी आली होती," मी म्हटलं.

तो गेल्यावर बाल्कनी पुसायला घेतली.

१९ एप्रिल, शनिवार

सुनेचं रक्त तपासलं. शिसं निघालं, पण अगदी थोडं. डॉक्टरीणबाई चक्रावल्या आहेत. जिच्या अंगावरून आलं तिच्यात थोडं आणि पोरीत एवढं, हे कसं? "तुमचंही रक्त देऊन जा आजी," म्हणाल्या. मी उद्या देते म्हटलं.

दोन दिवस बाल्कनी पुसतेय. ओल्या फडक्याने, साबणाने, पुन्हा ओल्या फडक्याने. गादी फेकली. धूळ भरून पिशवीत बांधली. सोमवारी ठकू घरी येणार. खोलीला कुलूप राहील. मग अठ्ठावीसला भांडीच जातील. मूळच गेलं की झालं. पोर हळूहळू बरी होईल, सगळं मागे पडेल, कुणाला काही कळायची गरजच पडणार नाही.

सुनेला नोकरी काय, दुसरी मिळेल. केस काय, वाढतील.

हे मी लिहिलं. माझंच अक्षर आहे.

२१ एप्रिल, सोमवार

ठकू घरी आली. भिंतीला धरून चालते. आली ती थेट माझ्या दारापाशी. "आजी, चूल." कुलूप हलवून बघितलं. मग दारावर हात आपटायला लागली. "चूल, चूल, चूल." शब्दांपैकी तो राहिलाय. बापाला "बाबा" म्हणायला तिला वेळ लागला.

सून धावत आली तिला उचलायला. हातांत रबरी मोजे. इस्पितळातून मागून आणलेत. पोरीला मोजे घालून उचलते, मोजे घालून भरवते, मोजे घालून थोपटते. ठकूनं चेहरा तिच्या मानेत खुपसला, तर सुनेनं मान मागे घेतली आणि म्हणाली, "नको बाळा, आईला नको लावूस तोंड."

कारखाना सोडून सहा दिवस झाले. दिवसातून तीनदा आंघोळ करते. कातडी सोलायची राहिलीय फक्त.

मी ते बघितलं आणि ताटावरून उठले. कुणी विचारलं नाही का उठलात.

२२ एप्रिल, मंगळवार

सांगितलं.

सकाळी. मुलगा दाढी करत होता, सून ठकूला दूध पाजत होती. मी टेबलावर किल्ली ठेवली. म्हटलं, "अगं, ते मोजे काढ."

"आई, नको. अजून…"

"काढ म्हणते ना. तुझ्यामुळे नाही झालं. माझ्यामुळे झालं. त्या भांड्यांची झिलई शिशाची आहे. मी घासत होते, ती शेजारी बसून धूळ चाटत होती. त्या चुलीत बिस्किटं कालवून खात होती. मीच दिली होती खेळायला."

मुलगा अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन बाहेर आला. "आई, काय बोलतेयस तू?"

सून त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत होती. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. कालच कळलं म्हणता आलं असतं. तेवढ्यातही ते मनात येऊन गेलं.

"शंका दहा तारखेपासून. सतरापासून खात्री."

तिनं मनात हिशेब केला. मला तो दिसत होता. "केस मी पंधराला कापले," ती म्हणाली.

बस, एवढंच. आवाज चढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांच्या आड लपले तरी असते. तिनं एकेक बोट ओढून मोजे काढले, माझ्या पुढ्यात ठेवले. मग ठकूला उचललं आणि उघड्या दोन्ही हातांनी तिचं तोंड धरून स्वतःच्या गालाला लावलं. किती तरी वेळ. दूध दोघींच्या अंगावर सांडलं.

मुलगा म्हणाला, "आई, तपासनीस आला होता तेव्हा तू किल्ली माझ्याकडे आहे म्हणालीस."

"हो."

"मी हिला काय काय बोललो, तू ऐकत होतीस."

"हो रे."

तो खाली बसला. तोंडावरचा साबण वाळला होता.

दुपारपर्यंत ते तिघं सुनेच्या बहिणीकडे निघून गेले. दारातून ठकू हात हलवत होती. तिला वाटलं आपण फिरायला चाललोय.

२४ एप्रिल, गुरुवार

तपासनीसाला मीच बोलावलं. यंत्र टेबलाला टेकवलं तर आकडा दिसेना, पडद्याची हद्दच संपली. धुऊन पुसूनही. तो रागावला नाही. म्हणाला, "काखेत कळसा आणि मी बुटांना वळसा." मग माझ्या हाताकडे बघून, "मनगट असं लोंबतंय कधीपासून? रक्त तपासलंत?"

नाही म्हटलं. तपासायचं नाही. माझ्यात असेल ते माझ्यात राहू दे.

२८ एप्रिल, सोमवार

गाडी आली. संग्रहालयाच्या माणसाला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. पाहुणीचंही. तरी आला. पेट्या सीलबंद करून नेल्या. कपाटावर नाव द्यायचं का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. खोटं कशाला लिहू, हवं होतं.

सगळ्यांत शेवटी कुत्रा गेला. रिकाम्या बाल्कनीत बसून रडले. पोर अजून धड चालत नाही, आणि मी रडले कशासाठी, तर एका मातीच्या कुत्र्यासाठी. माणूस इतकं नीच असतं, हे कुणाकडून ऐकलं असतं तर पटलं नसतं.

१८ मे, रविवार

तीन आठवडे काही लिहिलं नाही. पेन बोटांत ठरत नाही, डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहितेय. मुलगा येतो, किराणा ठेवतो, उभ्याने बोलतो. ठकू सातपर्यंत मोजते म्हणाला. पुढचं येईल का? डॉक्टर सांगत नाहीत. "बघू" म्हणतात.

खिडक्या लावून बसते. टीव्हीचा आवाज नको वाटतो. हे असंच संपावं, लवकर, कुणाला त्रास न होता. मुलाला म्हटलं तसं. तो म्हणाला, "ते तुला सोपं पडेल आई." आणि पिशवी घडी करून घेऊन गेला.

४ जून, बुधवार

सुनेचा फोन. बावीस एप्रिलनंतर पहिला.

"कारखान्यात या उद्या. दहा वाजता. सगळ्यांसमोर सांगा."

"काय?"

"मला सांगितलंत ते. माझ्यामुळे तिथल्या चाळीस बायका पोरांना जवळ घ्यायला घाबरतात. एकीनं दूध पाजणं बंद केलं. मुकादम म्हणतो, हिनं स्वच्छता पाळली नाही. मला माझी जागा परत हवी आहे."

५ जून, गुरुवार

गेले. लांबलचक खोली, दोन्हीकडे टेबलं, प्रत्येकीपुढे दिवा. सगळ्यांनी काम थांबवलं. सून माझ्या शेजारी, हाताभर अंतर ठेवून. केस कानापर्यंत आलेत.

सांगितलं. चूल, धूळ, बिस्किट, किल्ली, सगळं. "ही निर्दोष आहे, हे मला माहीत असताना मी बारा दिवस गप्प बसले," असं म्हटलं. मागच्या रांगेतली एक जण मोठ्यानं म्हणाली, "लाज नाही वाटली?" मी म्हटलं, "वाटली. पण तरी गप्प बसले."

मुकादमानं घसा खाकरला. सुनेनं त्याला विचारलं, "सोमवारी येऊ ना?" त्यानं मान हलवली. "आणि धूर ओढून घ्यायचे पंखे बसवा," ती म्हणाली. "माझ्यातही थोडं निघालंच होतं. ह्यांच्या धुळीतलं एवढं होतं म्हणून तुमचं लपलं." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पहिल्यांदाच बघत होते तिला, तिच्या जागेवर.

फाटकाबाहेर आल्यावर माझा हात तिच्या लक्षात आला. पिशवी मी कोपरात अडकवली होती.

"रक्त दिलंत?"

"नाही."

"का?"

मी पिशवी सावरली.

"म्हणजे तुम्ही मरणार, मग आम्ही रडायचं, आणि तुमचं फिटणार. असं?" आता मात्र तिचा आवाज चढला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "नाही चालणार आई. आपल्या हातांनी केलंत ना, मग आता जागेवर राहून बघा ती कशी वाढते ते. किती वाढते ते. रोज." श्वास घेतला. "तिचं रक्त उद्या आहे. साडेनऊला. तुम्ही पण या."

६ जून, शुक्रवार

साडेआठलाच जाऊन बसले.

मुलाच्या बोटाला धरून ठकू आली. भिंत लागत नाही आता. मला बघून थबकली. मग सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "जा."

नर्सनं दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या. आधी ठकू. तिचा दंड बघितला, सुयांनी निळा-पिवळा झालेला. ती रडली नाही, सरावली आहे. तिची नळी भरली. मग माझी पाळी. माझी शीर सापडेना, नर्स दोनदा चुकली, मी डोळे मिटले.

"आजी," ठकू म्हणाली. शब्द शोधत राहिली, ओठ हलत होते, खूप वेळ. कुणीच तिला सांगितला नाही. सून माझ्यामागे उभी होती, तीही थांबली.

"आजी, मोज."

मी डोळे उघडले आणि मोजायला लागले. ती माझ्याबरोबर सातपर्यंत आली. आठला थांबली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मीही थांबले. मग पुन्हा एकपासून सुरू केलं.